चक जोन्स यांचे ‘चक अमक’ : चित्रकला शिकवणाऱ्यांनी विकत घ्यावे असे आत्मचरित्र

चक जोन्स हे नाव मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत कोणी ऐकलेले नसेल. पण १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात सुरू झाले आणि पुढे केबलच्या तारा परभणी-हिंगोलीपर्यंत पोचल्या, तेव्हापासून त्यांचे काम पाहिले नाही असे मूल सापडणे अवघड आहे. कड्यावरून खाली कोसळणारा आणि पुन्हा नवा सापळा रचणारा कोल्ह्यासारखा कायोटी, त्याच्या हाती कधीच न लागणारा रोड रनर, आपल्याच चित्रकाराशी भांडणारा डॅफी डक, ही सगळी मंडळी पडद्यावर आणणारा दिग्दर्शक म्हणजे जोन्स. त्यांनी १९८९ मध्ये ‘चक अमक’ या नावाने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. शाळेत चित्रकला शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाच्या नजरेने मी ते वाचले, आणि या परीक्षणातील मते त्याच नजरेची आहेत. कार्टूनचा इतिहास म्हणून हे पुस्तक घेणाऱ्याची काही ठिकाणी निराशा होईल. चित्र काढणाऱ्याने आणि चित्र काढायला शिकवणाऱ्याने मात्र ते स्वतःच्या पैशाने घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वस्तूविषयी. हे पुस्तक आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही, त्यामुळे मी ऑनलाइन विक्रेत्याकडून वापरलेली प्रत मागवली. वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असे लिहिले होते. हाती आलेल्या प्रतीचे वेष्टन कडेला फाटलेले होते आणि आधीच्या मालकाने दोन प्रकरणांत निळ्या शाईने रेघा ओढलेल्या होत्या. तक्रारीला उत्तर आले, पैसे मात्र परत आले नाहीत, तेव्हा वापरलेली प्रत घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून आतील पानांचे फोटो मागवून मगच पैसे भरावेत. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास जातो, हेही लक्षात ठेवावे. बांधणी मात्र भक्कम आहे आणि पाने सपाट उघडतात. पाहून चित्र काढायचे असेल तर पुस्तक टेबलावर उघडे राहणे फार महत्त्वाचे असते. मजकुराच्या मध्येच रेखाचित्रे विखुरलेली आहेत आणि ती सजावटीसाठी नाहीत. वाक्य जिथे थांबते तिथून पुढचे सांगणे पुष्कळदा चित्र करते.

आत्मचरित्राची सुरुवात जन्मतारखेने होईल अशी आपली अपेक्षा असते. जोन्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १९१२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे झाला आणि ते लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात आले, हे तपशील असले तरी पुस्तक सुरू होते ते जॉन्सन नावाच्या मांजरापासून. हे मांजर एक दिवस कुठूनतरी जोन्स यांच्या घरी आले, तेव्हा त्याच्या गळ्यात डॉक्टर जीभ दाबायला वापरतात तसली लाकडी पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर हे नाव लिहिलेले होते. त्याला मोसंबीच्या कुळातले ग्रेपफ्रूट हे फळ विलक्षण आवडे. फळाचा गर खाऊन झाल्यावर सालीची अर्धी वाटी शिरस्त्राणासारखी डोक्यावर अडकलेली असताना ते तसेच निवांत हिंडत असे, आणि मुलांबरोबर समुद्रात पोहायलाही उतरत असे. हा केवळ गमतीचा प्रसंग समजून पाने उलटणाऱ्या वाचकाच्या हातून पुस्तकाचा गाभाच निसटेल. जोन्स यांचे सांगणे असे, की ‘मांजर’ नावाचे काही नसतेच. हे एक मांजर असते आणि ते दुसरे. पुढे त्यांनी रेखाटलेला प्रत्येक प्राणी याच समजुतीतून आला आहे. बग्ज बनी हा ससा म्हणून विनोदी नाही, आणि डॅफी बदक आहे म्हणून हावरट नाही.

चित्रकलेच्या वर्गात नेमके हेच शिकवणे सर्वांत कठीण जाते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेताना आपण मुलांच्या हाती गाय, झोपडी, डोंगरामागचा सूर्य असे ठोकळे देतो आणि मुले ते इमानाने गिरवत राहतात. दारातल्या गायीचे एक शिंग वाकडे आहे, ती डावा पाय जरा उचलून उभी राहते, हे कागदावर येत नाही, कारण ते पाहण्याची सक्तीच आपण कधी केलेली नसते. जॉन्सनचे प्रकरण वाचून झाल्यावर ही सक्ती कशी करावी याचा निदान एक मार्ग दिसतो.

पुस्तकातला दुसरा समृद्ध भाग वडिलांविषयीचा आहे. जोन्स यांचे वडील एकामागून एक धंदे सुरू करत आणि ते धंदे एकामागून एक बुडत. दर वेळी नव्या उमेदीने नव्या कंपनीच्या नावाचे छापील कागद आणि पेन्सिली मोठ्या प्रमाणात तयार करून घेतल्या जात, आणि कंपनी बुडाली की तो सगळा माल मुलांच्या वाट्याला येई. उत्तम प्रतीचा कागद, भरपूर पेन्सिली आणि वर वडिलांची ताकीद अशी, की कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्र काढायचे नाही. एकच बाजू वापरायची. बुडालेल्या धंद्याची आठवण घरातून लवकर संपावी हा त्यामागचा हेतू. परिणाम असा झाला, की या भावंडांनी कागद वाया जाण्याची भीती कधी अनुभवलीच नाही, आणि पुढे ती सगळी कलेकडेच वळली. जोन्स हे सगळे हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली वडिलांच्या कडक स्वभावाचा आणि घरातल्या अस्थिरतेचा ताण वाचकाला जाणवत राहतो.

आमच्याकडे मोंढ्यातले एखादे आडत दुकान बंद पडले, की छापील पट्टीबुकांचे गठ्ठे माळ्यावर पडून राहतात. त्या घरांतली मुले शाळेत पाठकोरे कागद घेऊन येत, आणि मी पाहिले आहे की तीच मुले सर्वांत बेधडक रेघ ओढत. नवी चित्रकलेची वही घेऊन आलेला मुलगा पहिल्याच पानावर तासभर खोडरबर घासत बसे. पुढे जोन्स लॉस एंजेलिसच्या शुइनार कलाशाळेत शिकत असताना एका शिक्षकाने वर्गाला सांगितले, की तुमच्या प्रत्येकाच्या आत एक लाख वाईट चित्रे आहेत, ती जितक्या लवकर बाहेर पडतील तितके बरे. आणि जोन्स यांना ते ऐकून हायसे वाटले, कारण त्यांची तिसऱ्या लाखातली बरीच चित्रे तोवर काढून झाली होती. आकड्यांत अतिशयोक्ती असेलही. पण पाठकोऱ्या कागदाचा हा धडा कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला फुकटात घेण्यासारखा आहे.

शिक्षण संपले तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. जोन्स यांना पहिले काम मिळाले ते चित्रीकरण झालेल्या सेल, म्हणजे कार्टूनची चित्रे ज्यांवर रंगवत ते पारदर्शक पत्रे, धुऊन पुसण्याचे, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेली चित्रे पुसून टाकण्याचे. १९३३ मध्ये ते लिऑन श्लेसिंगर यांच्या स्टुडिओत आले. हा स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टूनपट तयार करत असे. १९३५ मध्ये तिथले दिग्दर्शक टेक्स ॲव्हरी यांच्या हाताखालच्या तरुणांना वाळवी लागलेल्या एका बैठ्या लाकडी इमारतीत बसवण्यात आले, तिचे नाव या मंडळींनीच ‘टर्माइट टेरेस’ (टर्माइट म्हणजे वाळवी) असे ठेवले. स्वतः दिग्दर्शन करण्याची संधी जोन्स यांना १९३८ मध्ये मिळाली. त्यांची सुरुवातीची कार्टून गोड, संथ आणि डिस्नेच्या छायेतली आहेत. १९४२ च्या सुमारास त्यांना स्वतःची चाल सापडली, असे ती कार्टून क्रमाने पाहिली की कळते. पुस्तकात या टप्प्यावर आणखी मजकूर हवा होता, कारण शिकणाऱ्याला मोठ्या कलावंताच्या यशापेक्षा त्याच्या कच्च्या कामातून अधिक मिळते.

निर्मात्यांचे किस्से मात्र भरभरून आहेत. श्लेसिंगर बोलताना ‘स’ चा उच्चार जिभेत अडकवत. चित्रकारांनी डॅफी डकला तोच उच्चार दिला आणि मग ध्यानात आले, की तयार कार्टून दाखवायचे आहे ते याच मालकाला. सगळे नोकरी जाण्याच्या तयारीने बसले. मालक आले, कार्टून पाहून खूश झाले, आणि असा मजेदार आवाज सुचला तरी कुठून असे त्यांनीच विचारले. १९४४ मध्ये श्लेसिंगर यांनी स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्सला विकला आणि एडी सेल्झर निर्माते म्हणून आले. हसण्याचा आवाज ऐकून खोलीत शिरायचे आणि कार्टून बनवण्याशी या हसण्याचा संबंध काय असे विचारायचे, असा हा गृहस्थ जोन्स यांनी रंगवला आहे. बैलांच्या झुंजीत विनोद नसतो, ते कार्टून मुळीच करायचे नाही, असे सेल्झर यांनी आपण होऊन बजावले. तोवर असा विषय कोणाच्या डोक्यातही नव्हता, पण इतक्या ठामपणे नकार आला म्हणजे त्यात नक्की काहीतरी असणार असे समजून जोन्स आणि लेखक मायकेल मॉल्टीज यांनी ‘बुली फॉर बग्ज’ हे १९५३ चे अफलातून कार्टून केले. पेपे ल प्यू या प्रेमवेड्या स्कंकला (दुर्गंधी सोडणारा एक अमेरिकन प्राणी) कोणी हसणार नाही, हेही सेल्झर यांचेच मत. त्याच पेपेच्या १९४९ च्या कार्टूनला ऑस्कर मिळाले, आणि ते स्वीकारायला व्यासपीठावर गेले ते सेल्झर.

हे किस्से वाचताना मी मनापासून हसलो, तरी माझी एक शंका आहे. पुस्तक आले तेव्हा श्लेसिंगर आणि सेल्झर दोघेही हयात नव्हते. त्यांची बाजू मांडणारे कोणी नाही. ज्या व्यवस्थेने या मंडळींना वर्षानुवर्षे पगार दिला आणि कार्टून कसे करायचे यात बहुतांशी ढवळाढवळ केली नाही, ती चालवणारी माणसे पानापानावर निव्वळ मूर्ख म्हणून वावरतात. कलावंताने मालकाची थट्टा करावी यात वावगे काही नाही. तरीही चार-पाच प्रसंगांनंतर सूर एकच राहतो, आणि आपले साहेब कसे अडाणी होते याच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गप्पा ज्याने ऐकल्या आहेत त्याला तो सूर ओळखीचा वाटेल.

पुस्तकाची खरी किंमत वसूल होते ती कामाच्या पद्धतीविषयीच्या पानांवर. कायोटीची कल्पना जोन्स यांना लहानपणी वाचलेल्या मार्क ट्वेन यांच्या ‘रफिंग इट’ या प्रवासवर्णनातून मिळाली. त्यात या भुकेल्या, हाडे निघालेल्या प्राण्याचे वर्णन आहे. १९४९ मध्ये कायोटी आणि रोड रनर प्रथम पडद्यावर आले. या जोडीसाठी जोन्स काही नियम सांगतात: रोड रनर कायोटीला कधी इजा करत नाही, कायोटीचे नुकसान होते ते त्याच्याच हट्टामुळे किंवा तो जिथून सापळे मागवतो त्या अॅक्मी या काल्पनिक कंपनीच्या मालामुळे, रोड रनर रस्ता सोडत नाही, ‘बीप बीप’ व्यतिरिक्त संवाद नाही, आणि कायोटीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गुरुत्वाकर्षण. हे ‘बीप बीप’ आले ते पार्श्वभूमी रंगवणारे पॉल ज्युलियन यांच्याकडून. हातात मोठे चित्र धरल्यामुळे समोरचे दिसत नसे, म्हणून बोळातून जाताना वाट मोकळी करून घेण्यासाठी ते तोंडाने तसा आवाज काढत. नियमांविषयी आणखी एक माहिती मात्र पुस्तकाबाहेरून घ्यावी लागते: या कार्टूनांचे लेखक मॉल्टीज यांनी एका मुलाखतीत, असे काही नियम आपण कधी ऐकले नव्हते, असे सांगितले होते. मला यात जोन्स यांचा खोटेपणा दिसत नाही. वर्षानुवर्षे हाताने पाळलेली शिस्त नंतर शब्दांत मांडली, की ती आधीपासून भिंतीवर टांगलेल्या नियमावलीसारखी भासते. वाचकाने तेवढे ध्यानात ठेवून ती पाने वाचावीत.

वेळेच्या हिशेबाचेही असेच आहे. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम जातात. कायोटी कड्यावरून पडला, की तो ठिपक्याएवढा होऊन दिसेनासा व्हायला १८ फ्रेम लागाव्यात आणि त्यानंतर १४ फ्रेमनी तळाशी धुळीचा लोट उठावा, असा आपला हिशेब जोन्स सांगत असत. म्हणजे पाऊण सेकंद पडणे आणि अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वाट पाहणे. या वाट पाहण्यातच हसू आहे. मी माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकाला, जो छत्रपती संभाजीनगरला ॲनिमेशनचा अभ्यासक्रम करतो आहे, संगणकावर हेच पडणे करून पाहायला सांगितले. धुळीचा लोट त्याने दोन-चार फ्रेम अलीकडे आणला तेव्हा तो नुसता अपघात वाटला. बराच पुढे ढकलला तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष उडाले. या कार्टूनांत आधी चित्रित करून नंतर कापाकापी करण्याची सोय नव्हती. सहा मिनिटांच्या कार्टूनमधली प्रत्येक फ्रेम दिग्दर्शकाला आधी मनात मोजावी लागे.

या शिस्तीचा कळस म्हणजे १९५७ चे ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ हे वाग्नर यांच्या संगीतावरचे कार्टून. एका कार्टूनला पाच आठवडे मिळत. याला सातच्या आसपास लागणार होते आणि वरून जादा वेळ मिळणे शक्य नव्हते. तेव्हा जोन्स यांच्या चमूने कामाच्या नोंदवह्यांत हे जादा दिवस रोड रनरच्या एका कार्टूनच्या नावे दाखवले, कारण ती कार्टून त्यांच्या हातून लवकर उरकत. सहा मिनिटांत शंभराहून अधिक दृश्ये असलेले आणि मॉरिस नोबल यांच्या रंगयोजनेने उजळलेले हे कार्टून १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाले.  हजेरीपटावरची ही हातचलाखी जोन्स ज्या अभिमानाने सांगतात, ती वाचताना कोणताही सरकारी नोकर चपापेल.

मराठवाड्यातल्या वाचकाला या पानांसोबत आणखी एक गोष्ट करता येईल. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत आणि चौघांना मिळून एकच डोके आहे. ज्या हरणाच्या धडाकडे पाहावे त्याचेच ते डोके वाटते. एकाच्या बाबतीत ते विसावलेले दिसते, दुसऱ्याच्या बाबतीत खाजवायला वळलेले. भाव चेहऱ्यावर असतो असे आपण म्हणतो, पण इथे चेहरा बदललेलाच नाही, बदलली आहे ती शरीराची ठेवण. शरीराच्या ठेवणीतून स्वभाव कसा दाखवावा हे सांगण्यासाठी जोन्स यांनी बग्ज आणि डॅफीच्या उभे राहण्याची जी रेखाचित्रे दिली आहेत, ती पाहून मग हे स्तंभशीर्ष पाहावे. विद्यार्थ्यांची सहल अजिंठ्याला जातेच. तिथे फोटो काढण्याऐवजी त्यांना वही उघडायला सांगावी.

आता उणिवा. पुस्तक काळाच्या क्रमाने चालत नाही. आठवण येईल तसे पुढेमागे जाते, त्यामुळे कोणत्या वर्षी काय घडले हे दुसरीकडून तपासावे लागते. त्रिमिती (थ्रीडी) चित्रपटांच्या लाटेमुळे वॉर्नर ब्रदर्सने १९५३ मध्ये कार्टून विभाग काही काळ बंद ठेवला आणि जोन्स काही महिने डिस्नेकडे जाऊन आले, हा प्रसंग अधिक विस्ताराला पात्र होता. बाहेरच्या स्टुडिओच्या चित्रपटावर काम केल्यामुळे १९६२ मध्ये त्यांना वॉर्नर ब्रदर्समधून काढण्यात आले; त्यानंतर १९६३ ते १९६७ या काळात त्यांनी एमजीएम या स्टुडिओसाठी टॉम आणि जेरीची ३४ कार्टून केली. जाड भुवयांचा तो टॉम आपल्याकडच्या मुलांच्या चांगल्या परिचयाचा आहे, पण या पर्वात लेखकाचा जीव रमलेला दिसत नाही. खरे तर ही कार्टून पाहतानाही तेच जाणवते: चित्रे देखणी आहेत, मारामारीतला जोर गेला आहे. १९६५ च्या ‘द डॉट अँड द लाइन’ ला ऑस्कर मिळाले, १९६६ मध्ये मुलांसाठी लिहिणारे डॉक्टर स्यूस यांच्या ग्रिंच या पात्रावर त्यांनी केलेला दूरदर्शनपट अमेरिकेत नाताळचा परिपाठ बनला. वॉर्नरच्या वर्षांना मिळालेली ऊब त्यांच्या वाट्याला आलेली नाही.

सर्वांत खटकणारी बाब म्हणजे बॉब क्लॅम्पेट. टर्माइट टेरेसमधला हा सहकारी पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला, आणि बग्ज बनीच्या जन्माचे श्रेय कोणाचे यावरून दोघांत कायमचे बिनसले. जोन्स यांच्या १९७९ च्या संकलित चित्रपटात बग्जच्या जनकांमध्ये क्लॅम्पेट यांचे नाव घेतलेले नाही, आणि या पुस्तकातही ते ओझरतेच येते. मांजरावर इतके भरभरून लिहिणाऱ्या लेखकाने खोलीत शेजारी बसणाऱ्या माणसाला अशी वागणूक द्यावी हे बरे नाही. इतर सहकाऱ्यांच्या बाबतीत, विशेषतः मॉल्टीज, नोबल, संगीतकार कार्ल स्टॉलिंग आणि आवाज देणारे मेल ब्लँक यांच्याविषयी, ते उदार आहेत, म्हणून हा अपवाद अधिकच डोळ्यांत भरतो.

इंग्रजी सोपे नाही. जोन्स लांब, वळणदार वाक्ये लिहितात, जुन्या साहित्यातले संदर्भ पेरतात आणि विनोद अनेकदा तळटीपेसारखा हळूच सरकवतात. दहावीच्या मुलाच्या हाती हे पुस्तक दिले तर तो चित्रे पाहील आणि परत करील. त्यातही त्याचा तोटा नाही. ॲनिमेशन शिकणाऱ्यांनी, कलाशिक्षकांनी आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी खरेदी करणाऱ्यांनी मात्र कागदी बांधणीची नंतरची आवृत्ती शोधावी. ती स्वस्त पडते. जोन्स यांना १९९६ मध्ये मिळालेले मानद ऑस्कर आणि २२ फेब्रुवारी २००२ रोजी झालेला त्यांचा मृत्यू हे अर्थातच या पुस्तकानंतरचे आहे. १९९६ मध्येच त्यांचे ‘चक रिडक्स’ हे दुसरे पुस्तक आले. पहिले आवडले तरच त्याच्या वाटेला जावे.

वाचण्याआधी १९५३ चे ‘डक अमक’ हे कार्टून एकदा पाहून घ्यावे, कारण पुस्तकाचे नाव त्यावरूनच आले आहे, आणि वेळेच्या हिशेबाच्या पानांपाशी आलात की रोड रनरचे कोणतेही एक कार्टून संगणकावर लावून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे नीट जमत नाही.